आवाज व्हॉल्व्हचा की वॅटचा?

बीड जिल्ह्यातल्या साठीपुढच्या कुणाशीही लाऊडस्पीकरचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "व्हॉल्व्हच्या मशीनचा आवाज आता कुठं राहिला?" उरुसातली कव्वाली असो, हरिनाम सप्ताहातलं कीर्तन असो की लग्नाच्या मांडवात वाजणाऱ्या रेकॉर्डी असोत, आठवणीतला आवाज नेहमी व्हॉल्व्हचाच असतो आणि तो नेहमी गोडच असतो. हल्ली या आठवणीला बाजारभावही आलाय. पुण्या-मुंबईचे शौकीन जुनी मशीनं शोधत फिरतात. त्यांच्या गप्पांत ईएल ३४, ६एल६, केटी ८८ ही नावं अत्तराच्या कुप्यांसारखी येतात. एकाचा आवाज मोकळा, दुसऱ्याचा भरदार, तिसऱ्याचा रेशमी.

मला व्हॉल्व्हचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझं मत असं की या नळ्यांच्या आवाजातला फरक जितका सांगितला जातो तितका नाही. आपल्या भागात जो फरक लोकांना ऐकू आला, तो बहुतेक वेळा नळीचा नव्हताच. तो कमी-जास्त आवाजाचा होता. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा कानाचा जुना गैरसमज आहे, आणि आज आपल्या मशिदी, मंदिरं आणि मिरवणुका तिघांनाही तो महाग पडतोय. म्हणून हा विषय फक्त शौकिनांचा राहत नाही.

आधी ही नळी करते काय, ते पाहू. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक कॅथोड असतो, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या प्लेटवर तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे ते तिकडे धावतात. मधे तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. माईकमधून आलेला क्षीण संदेश आधीच्या लहान नळ्या थोडा मोठा करतात आणि या ग्रिडवर आणून देतात. ग्रिडवरचा दाब थोडा हलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ हलतो. धरणाचा दरवाजा माणूस हातानं फिरवतो, पण शेतात जाणारं पाणी काही त्याच्या हातातून निघालेलं नसतं. तसंच हे आहे. मशीनमधली शेवटची नळी, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह, हा सगळ्यात मोठा दरवाजा. त्याच्या पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या पुढे कर्णा.

आता या मोठ्या दरवाजांची ओळख. ६एल६ ही अमेरिकेच्या आरसीए कंपनीची नळी, १९३६ सालची. तिचीच बहीण ८०७. तिच्या डोक्यावर टोपी असते आणि प्लेटची तार वरून जोडतात. ब्रिटनमध्ये जीईसीनं केटी ६६ काढली आणि १९५६ च्या सुमारास तिची थोरली, केटी ८८. फिलिप्स आणि मुलार्ड यांची ईएल ३४ ही पेंटोड जातीची नळी. तिच्या प्लेटला २५ वॅट उष्णता सोसते. त्यांचीच धाकटी ईएल ८४, बोटाएवढी, नऊ पिनांची, १२ वॅट सोसणारी. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही ईएल ८४ बनवली. दोन ईएल ८४ समोरासमोर लावल्या, म्हणजे पुश-पुल केल्या, की १५ वॅटच्या आसपास ताकद मिळते. दोन ईएल ३४ ची नेहमीची मजल ३५ ते ५० वॅट.

यांच्या आवाजात खरोखर फरक आहे का? आहे. पण कुठे आहे, ते नीट समजून घ्यायला हवं.

नळी तिच्या कुवतीच्या आत चालत असेल, तर तिचं काम फक्त आकार मोठा करण्याचं असतं. कुवतीच्या बाहेर ढकलली की ती आवाजाची टोकं छाटते आणि मूळ आवाजात नसलेले सूर त्यात मिसळतात. हे छाटणं प्रत्येक नळीचं आणि प्रत्येक सर्किटचं वेगळं. गिटारवाल्यांचं सगळं जग यावर उभं आहे. फेंडरची ओळख ६एल६, मार्शलची ईएल ३४, व्हॉक्सच्या एसी ३० ची ईएल ८४. तिथे ॲम्प्लिफायर मुद्दाम फाटेपर्यंत चालवतात आणि तो फाटलेला आवाज हेच संगीत असतं. आपल्याकडे कव्वालीतल्या बेंजोचं तेच. साध्या मशीनवर चढवलेल्या बेंजोला जी धार येते, ती निम्मी मशीनची असते. तिथे ॲम्प्लिफायर हे वाद्य आहे. वाद्याची चव वेगळी असणारच, आणि त्याबद्दल हौसेनं भांडायलाही हरकत नाही.

पण कव्वालाचा गळा, कीर्तनकाराचं निरूपण, इमामसाहेबांचा खुतबा यांच्यासाठी ॲम्प्लिफायर वाद्य नाही, आरसा आहे. आरशानं स्वतःचा रंग घालू नये. चांगला आरसा बनवायचा असेल तर नळीपेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, आउटपुट ट्रान्सफॉर्मर. नळीला हजारो ओहमचा भार लागतो, कर्ण्याचा भार आठ किंवा सोळा ओहम. या दोघांची सोयरीक ट्रान्सफॉर्मर जमवतो, आणि त्याचं लोखंड, त्याचं गुंडाळणं हलकं असेल तर जगातली सगळ्यात महाग नळीही काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट बायस, म्हणजे ग्रिडवर ठेवलेला स्थिर दाब. तो चुकला तर नळी एक तर लाल होऊन मरते किंवा बारीक आवाजातही खरखर करते. तिसरी गोष्ट, फिल्टर कंडेन्सर. ते सुकले की मशीन गुणगुणायला लागतं.

जुन्या मशीनमध्ये नळी बदलल्यावर "आवाजच बदलला" असं माणूस म्हणतो, तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं की थकलेली नळी जाऊन ताजी आली, किंवा मिस्त्रीनं हात घातल्यावर बायसही नीट केला. नावाचा गुण नव्हे, ताजेपणाचा. शिवाय ६एल६ च्या जागी ईएल ३४ नुसती खोचता येत नाही. ईएल ३४ ची एक नंबरची पिन आतल्या वेगळ्या जाळीची असते, ती कॅथोडला जोडावी लागते. तिचा हीटर दीड अँपिअर खातो, ६एल६ चा ०.९. मेन ट्रान्सफॉर्मरला ते झेपलं पाहिजे. एवढं सगळं बदलून झाल्यावर फरक ऐकू आला, तर तो नेमका कशाचा, हे कोण सांगणार?

आणि या सगळ्याच्या शेवटी होता कर्णा. आपल्याकडच्या भोंग्यातून साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर येत नाही आणि पाच-सहा हजारांच्या वरचंही नाही. तबल्याचा डग्गा आणि झांजेची चमक, दोन्ही वाटेतच गळतात. शौकीन ज्या "रेशमी" वरच्या आणि "भरदार" खालच्या सुरांबद्दल बोलतात, ते भोंग्याच्या तोंडातून बाहेरच पडत नव्हते. मी ६एल६ ची आणि ईएल ३४ ची, दोन्ही मशीनं भोंग्यावर ऐकली आहेत. भोंग्यावर मला ती ओळखता येत नाहीत. घरातल्या चांगल्या पेटी-स्पीकरवर कधी कधी वाटतं की ओळखली, पण ते वाटणंच असतं, खात्री नसते.

मग साठीपुढच्या लोकांना जो फरक आठवतो तो खोटा का? खोटा नाही. फक्त त्याचं कारण वेगळं आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की तेच सूर भरून येतात. म्हणजे तीच रेकॉर्ड, तेच मशीन, फक्त बटण थोडं पुढं फिरवलं की आवाज "भरदार" झाला. थोडासा, म्हणजे एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर कानाला तो मोठा म्हणून कळतच नाही, चांगला म्हणून कळतो. दुकानदाराला हे न शिकता माहीत असतं. जे मशीन विकायचं ते जरा वरच्या आवाजात लावायचं.

म्हणून नळ्यांची तुलना करायची तर दोन अटी पाळाव्या लागतात. दोन्ही मशीनांचा आवाज मीटरनं मोजून सारखा ठेवायचा, आणि कोणतं मशीन वाजतंय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीनं ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांच्याकडून असंच ऐकणं करवून घेतलं. क्वाडचीच तीन मशीनं होती: १९५३ चं केटी ६६ नळ्यांचं आणि नंतरची दोन ट्रान्झिस्टरची. ऐकणारे कान तयार असलेले लोक होते. कोणतं मशीन कोणतं, हे त्यांना अंदाजापेक्षा बरं सांगता आलं नाही. 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात तो वृत्तांत छापून आला. त्यावर आजही वाद घालणारे आहेत आणि त्यांनी घालावेत. पण नीट बनवलेली नळी आणि नीट बनवलेला ट्रान्झिस्टर यांतला फरकही जर इतका निसटता असेल, तर दोन नीट बसवलेल्या नळ्यांमधल्या फरकावर पैज लावताना माणसानं जरा दमानं घ्यावं.

ट्रान्झिस्टरनं आपल्याकडे व्हॉल्व्हला हटवलं ते आवाजामुळे नाहीच. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्टचा दाब लागतो, आणि ज्या वाडी-तांड्यावर वीज नव्हती तिथे तो आणायचा कुठून? ट्रान्झिस्टरचं मशीन गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, तापायची वाट बघत नाही, आणि बैलगाडीच्या हादऱ्यानं फुटतही नाही. मांडववाल्यांच्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला.

इथे आपल्या आलिमांची एक जुनी चर्चा आठवते. लाऊडस्पीकर नवा होता तेव्हा नमाजमध्ये तो वापरावा की नाही, यावर भारतीय उलेमांत मोठा खल झाला. मौलाना अशरफ अली थानवी विरोधात होते. मोठ्या जमातीत मागच्या सफांना तकबीर ऐकू जावी म्हणून मुकब्बिर उभा राहतो, तो माणूस असतो, स्वतः नमाजमध्ये असतो. भोंगा नमाजमध्ये नसतो. प्रश्न असा होता की भोंग्यातून येतो तो इमामचाच आवाज आहे की त्याची नक्कल? नक्कल असेल, तर तिच्यामागे रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होते का? मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या यंत्राच्या हुकुमांवर वेगळी पुस्तिकाच लिहिली. आधी त्यांचं मतही कडक होतं. पुढे त्यांनी विज्ञानाच्या जाणकारांना विचारलं, फेरविचार केला आणि नमाज फासिद होत नाही असं मत दिलं.

मजहबी बाजूवर बोलायचा मला अधिकार नाही. पण ऐकण्याच्या बाजूनं पाहिलं तर शौकिनांचा प्रश्न आणि उलेमांचा प्रश्न एकच आहे: यंत्रातून आलेला आवाज मूळचाच की दुसरा? उत्तर धरणाच्या दरवाजासारखं आहे. ताकद भिंतीतल्या विजेची, आकार मात्र गळ्याचा. आणि फरक लक्षात घ्या. उलेमांनी हा प्रश्न जाणकारांना विचारला आणि उत्तर मिळाल्यावर मत बदलायची तयारी ठेवली. आपण मात्र मशीन घेताना मेकॅनिकला एकच प्रश्न विचारत आलो: "सगळ्यात जास्त कोणतं वाजतं?"

या प्रश्नाचा हिशोब एकदा मांडून पाहू. दोन ईएल ८४ चं १५ वॅटचं मशीन आणि दोन ईएल ३४ चं ५० वॅटचं मशीन, यांत ताकदीचा फरक तिपटीहून जास्त. पण डेसिबलमध्ये तो फक्त ५ च्या आसपास. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट. एक बरा भोंगा एका वॅटमध्ये एक मीटरवर १०५ डेसिबलच्या घरात आवाज देतो. १५ वॅट दिले तर ११७ च्या जवळ. मोकळ्या जागेत शंभर मीटर लांब गेलं की त्यातले ४० कमी होतात, उरतात ७७. म्हणजे ज्या धाकट्या नळीला लोक "घरगुती" म्हणून हिणवायचे, ती एका भोंग्यावर अख्ख्या गावाला पुरून उरायची. एका वॅटमध्येसुद्धा शंभर मीटरवर ६५ डेसिबल.

आता हे आकडे कायद्याशेजारी ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. फजरची अजान बहुतेक महिने सहाच्या आत येते, हे आपल्याला माहीत आहे. २०२२ साली भोंग्यांवरून राज्यभर राजकारण तापलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं म्हटलं. राजकारणाची नियत वेगळी आणि निवडक असते, हे मान्य. एका समाजाच्या भोंग्याकडे बोट दाखवणारे डीजेच्या भिंतीसमोर गप्प बसतात, हेही आपण बघतो. पण समोरचा अन्याय करतो म्हणून डेसिबलचा हिशोब बदलत नाही. शंभर मीटरवरच्या घरात ताप आलेलं मूल झोपलं असेल, तर त्याला भोंगा मशिदीचा, सप्ताहाचा की मिरवणुकीचा, याचा फरक पडत नाही.

म्हणून नळ्यांच्या तुलनेतून मला शिकण्यासारखं दिसतं ते हे. जास्त वाजणं आणि चांगलं वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कान आपल्याला त्या एकच असल्याचं भासवतो. मशीद कमिटीला सल्ला द्यायचा झाला तर मी म्हणेन, मिनारवरच्या चार भोंग्यांच्या पैशात आतल्या खांबांवर लहान स्पीकर लावा, प्रत्येकाला एक-दोन वॅट. प्रत्येक सफेला आवाज जवळून येईल आणि हळू येईल. माईकवर थोडा खर्च करा, कारण जे माईकनं पकडलंच नाही ते पुढची कोणतीही नळी परत आणू शकत नाही. आणि चाचणी घ्यायची तर ती मशीनला जवळ कान लावून घेऊ नका. शेवटच्या सफेत बसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या एखाद्या बुजुर्गाला विचारा की आजच्या खुतब्यात काय सांगितलं. त्यांना सांगता आलं तर मशीन चांगलं. हेच सप्ताहाच्या मंडळालाही लागू आहे.

जुनी व्हॉल्व्हची मशीनं ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनाही दोन शब्द. तांब्याच्या वजनावर ती भंगारात घालू नका. नळ्या रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून आजही नव्या मिळतात. हातानं गुंडाळलेला चांगला ट्रान्सफॉर्मर मिळणं अवघड. घेणारा फक्त नळ्या उपसून नेत असेल तर तो मशीनचा खरा ऐवज मागे ठेवून जातोय, हे ध्यानात घ्या. आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट बोर्डात लावू नका. सुकलेले कंडेन्सर फुटू शकतात. बटण बंद केल्यावरही चारशे व्होल्ट आत दबा धरून बसलेले असतात, ते जीव घेऊ शकतात. जाणत्या मिस्त्रीकडून आधी ते तपासून घ्या. असे मिस्त्री आता थोडेच उरलेत, आणि त्यांच्या हातातली कला कोणत्याही दोन नळ्यांमधल्या फरकापेक्षा मोलाची आहे.

मशीन दुरुस्त होऊन आलं, की शौकीन मित्र नळीचं नाव विचारतील. ते जरूर सांगा, त्यात मजा आहे. त्या नारिंगी उजेडाकडे बघत ऐकण्यातही मजा आहे, मीही तसंच ऐकतो. फक्त आवाजाचं बटण जिथे आहे तिथून दोन घरं मागे घ्या आणि मग ऐका. तेवढ्या आवाजातही शब्द न् शब्द कळत असेल, तर कोणतीही नळी असो, मशीन उत्तम आहे.